दादाची शुगर आणि माझा विषय

भाचीच्या साखरपुड्यात तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या दादाचं, जितकं कौतुक झालं, तितकं नवऱ्या मुलाचंही झालं नसेल.

"काय हो, निम्मे झालात!"

"कुठलं डाएट? आम्हालाही सांगा की."

"लग्नात शेरवानी काय शोभेल आता तुम्हाला!"

कार्यालयाच्या दारापासून व्याह्यांच्या खुर्च्यांपर्यंत जो तो त्याला अडवून हेच म्हणत होता आणि दादा, नसलेल्या पोटावरून हात फिरवत, बक्षीस मिळाल्यासारखा हसत होता. मी हातात ताट घेऊन उभी होते. मसालेभात गरम होता, मठ्ठा गार होता, सगळं उत्तम होतं. पण मला दादाचा पट्टा दिसत होता. पट्ट्याला घरीच खिळ्याने जादा भोकं पाडलेली होती आणि तरी पॅंट कमरेवर चुण्या पडून गोळा झाली होती. कॉलर इतकी सैल की मानेभोवती हात फिरावा.

मी ताट ठेवलं आणि त्याला खांबाआड गाठलं.

"वजन किती उतरलं तुझं?"

"मोजतंय कोण? हलकं वाटतंय."

"डाएट करतोयस?"

"छे."

"व्यायाम?"

"यार्डात दिवसभर काय पालखीत बसून फिरतो का मी?"

"मग उतरलं कसं?"

"अगं, उतरलं ना? आजवर म्हणत होतीस उतरव, उतरव. आता उतरलं तर त्यातही खोट!"

आणि फोटोग्राफरने बोलावलं म्हणून तो गेला. जाताना पॅंट वर ओढत गेला.

दादा मार्केट यार्डात गुळाचा व्यापारी. वडिलांचा गाळा त्याने बारावीनंतर हातात घेतला आणि मी सायन्सला गेले. त्याला शुगर निघाली ती पंचेचाळिशीत, विम्यासाठी रक्त तपासलं तेव्हा. तेव्हापासून आमच्या घरात एक वाद कायम चालू आहे. दादा दिवसभर गुळाच्या ढेपांच्या कडा मोडून जिभेवर ठेवतो. मी म्हणते, तू गूळ खातोस. तो म्हणतो, "आम्ही चाखतो, खात नाही." चाखणं आणि खाणं यांत शरीराला काय फरक कळतो, हे मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "तो व्यापाऱ्याला कळतो. शरीराचं तू बघ." गुळात साखर मिसळली असेल तर तो डोळे मिटून सांगतो. स्वतःच्या रक्तातली मात्र त्याला कधी जाणवली नाही.

माझा विषय नेमका हाच असावा, हा माझ्या नशिबाचा भाग. सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या बाजूला, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काम करते. प्रयोगशाळा म्हणायची, पण तिथे उंदीर नाहीत, नळ्या नाहीत. कॉम्प्युटर आहेत आणि गळका एसी आहे. मोठेपणी होणारा मधुमेह आणि कॅन्सर यांच्यात जनुकांच्या पातळीवर काय नातं आहे, ते आम्ही शोधतो. मधुमेही माणसांच्या पेशींत कुठले जनुक जास्त काम करताहेत, कुठले गप्प बसलेत, ते बघायचं. तेच कॅन्सरच्या गाठींमध्ये बघायचं. आणि दोन्हीकडे सारखं काय दिसतं ते वेचून काढायचं. मराठीत याला 'जनुकीय अभिव्यक्ती' म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला माझा नमस्कार. तो उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट कविसंमेलन उभं राहतं. एका महिला मंडळात माझी ओळख 'मधुमेहींच्या अभिव्यक्तीवर काम करणाऱ्या' अशी करून दिली गेली. भाषण संपल्यावर एक आजोबा चारोळ्यांची वही घेऊन मला भेटायला आले. मला शुगर आहे, म्हणाले, आणि मी लिहितोही.

दादाला मी ते यार्डाच्या भाषेत सांगितलं होतं. म्हटलं, यार्डात सगळे गाळे असतात, पण रोज सगळ्यांची शटर उघडी नसतात. पेशीचंही तसंच. जनुक सगळ्या पेशींत तेच. कुठलं शटर उघडं, कुठलं बंद, कुठलं अर्धवट, त्यावर ती पेशी काय करणार हे ठरतं. मधुमेहात काही शटर वर्षानुवर्षं नको तितकी उघडी राहतात. वाढीची, सूज आणणारी. त्यातली काही कॅन्सरमध्येही उघडी दिसतात.

दादाने सगळं नीट ऐकून घेतलं होतं. "मग बंद करा की," म्हणाला.

"एवढं सोपं नाही ते."

"मग इतकी वर्षं तिथे बसून तुम्ही नुसती शटर मोजता?"

मी तेव्हाच हा विषय घरात काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण साखरपुड्यानंतर काढावा लागला. कारण या कामामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची शुगर बऱ्यापैकी ताब्यात असताना अचानक बिघडली, आणि सोबत काही न करता वजन उतरू लागलं, तर स्वादुपिंड तपासून घ्यावं. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण कधीकधी तिथे गाठ असते, आणि त्या गाठीनेच शुगर बिघडवलेली असते. म्हणजे मधुमेहातून कॅन्सर नव्हे, उलट. आमच्या क्षेत्रात हे उलटं-सुलटं कोडं अजून सुटलेलं नाही, पण दादाच्या पॅंटने मला झोप लागू दिली नाही.

मी त्याचे रक्ताचे रिपोर्ट मागवले. वहिनींनी फोनवर फोटो पाठवले, तेही तिरके. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा आदल्या वेळेपेक्षा बराच वर गेला होता. मी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला.

"लग्नाचं टेन्शन आहे त्यांना," डॉक्टर म्हणाले. "गोळी वाढवलीय मी."

"पण वजनही उतरतंय. पोटाचा स्कॅन केलेला बरा, असं मला वाटतं."

"मॅडम, आपण डॉक्टर आहात का?"

"मी पीएच.डी. आहे. याच विषयात."

"म्हणजे नाही," ते म्हणाले, आणि मागे कुणाला तरी आत पाठवायला सांगितलं.

मग मी वहिनींशी बोलले. वहिनी स्वभावाने शांत, पण त्या दिवशी त्या माझ्यावर जितक्या चिडल्या तितक्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"वन्सं, घरात लग्न आहे. मुलीची हळद लागायची आहे. आणि तुम्ही तोंडातून कसला शब्द काढता?"

"वहिनी, मी झालाय असं म्हणत नाहीये. बघून घेऊ म्हणतेय."

"तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं. मागे माझ्या आईचा खोकला होता तेव्हाही तुम्ही एक्सरे काढा म्हणालात."

"मग काढलात ना? बरं झालं ना, काही निघालं नाही ते?"

"तेच तर म्हणतेय. काही निघालं नाही."

मी चपला घातल्या आणि घरी आले.

दोन दिवस मी घरच्या ग्रुपवर मुंडावळ्यांचे फोटो बघितले. तिसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळीच यार्डात गेले. गाळ्यासमोर टेम्पो उभा होता, हमाल ढेपा उतरवत होते, आणि तो ओलसर गोड वास सगळ्या गल्लीत भरलेला होता. दादा एका शेतकऱ्याच्या मालापुढे उकिडवा बसून कड मोडत होता. मला पाहून त्याने बोटं धोतराला... नाही, धोतर वडील नेसायचे. त्याने रुमालाला पुसली.

"तू इथे? काय झालं?"

"उठ. डॉक्टरकडे जायचंय. मोठ्या. वेळ घेतलीय मी."

"वेड लागलंय का? माल उतरतोय."

"उतरू दे."

"अगं लोक बघतायत."

"बघू देत. मी इथेच बसते मग. तू चाखत राहा, मी सगळ्यांना सांगते याला शुगर आहे आणि हा दिवसाला किती चाखतो."

समोरच्या हळदीच्या व्यापाऱ्याने पेपरवरून मान वर केली. हा माणूस पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता, पण तेव्हा मला तो नुसता भोचक वाटला.

दादा हळू आवाजात म्हणाला, "एक अट आहे. काय निघेल ते निघेल, लग्न होईपर्यंत एका शब्दाने कुणापाशी बोलायचं नाही. पोरीला तर नाहीच."

मी हो म्हटलं. त्या क्षणी त्याने मला गाळा माझ्या नावावर करायला सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

मधुमेहतज्ज्ञ बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हे पहिलं आश्चर्य. मग त्यांनी दादाला विचारलं, "गोळ्या नियमित घेता ना?"

"घेतो," दादा म्हणाला.

"एकही चुकत नाही?"

"व्यापारी माणूस आहे मी. चुकवून कसं चालेल?"

बाईंनी पोटाचा सीटी स्कॅन लिहून दिला. मी म्हटलं होतं तेच त्यांनी म्हटलं आणि दादा तो कागद देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांत घेऊन बाहेर आला. "बघ," मला म्हणाला, "यांनी कसं नीट सांगितलं."

स्कॅनच्या दिवशी वहिनी सोबत आल्या. माझ्याशी बोलत नव्हत्या, पण डब्यात माझ्यासाठीही पोळी-भाजी आणली होती. दादा आत गेला आणि आम्ही दोघी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर एक खुर्ची मध्ये सोडून बसलो. टीव्हीवर कुठलीशी मालिका मुक्याने चालू होती. मी माझ्या विषयातलं जेवढं वाचलं होतं तेवढं सगळं मनात वर आलं, आणि त्यातलं एक अक्षरही कामाचं नव्हतं. आलेखांमध्ये आम्ही ज्यांना 'नमुने' म्हणतो, त्यांच्या बायका अशाच डबा मांडीवर घेऊन बसलेल्या असणार, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं बाईंसमोर बसलो. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, मग कागद वाचला, मग परत फिल्म बघितली.

"स्वादुपिंड छान आहे," त्या म्हणाल्या.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सुटका होती आणि खोकल्याच्या एक्सरेचा सगळा इतिहास होता.

"पण मग शुगर एवढी का वाढली, हे मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या घेताय, म्हणालात."

दादा भिंतीवरच्या चित्राकडे बघू लागला. चित्रात एक हसरी किडनी होती, हातपाय असलेली.

वहिनींनाच राहवलं नाही. "ते चूर्ण घेतात."

"कसलं चूर्ण?"

"समोरच्या हळदवाल्यांनी दिलेलं. कारलं, जांभळाची बी, आणि काय काय. त्याने शुगर मुळापासून जाते म्हणे."

"आणि गोळ्या?"

"दोन्ही एकत्र घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय त्यांनी."

"कधीपासून?" हे मी विचारलं. आवाज मी शक्य तितका खाली ठेवला होता.

"दिवाळीपासून," दादा किडनीला म्हणाला.

मी काय बोलले असते, देव जाणे. मी त्याला गाळ्यातून उचलून आणला होता, वहिनींच्या शिव्या खाल्ल्या होत्या, रात्री छताकडे बघत काढल्या होत्या. आणि या माणसाने नुसत्या गोळ्या सोडल्या होत्या! औषध नाही म्हणून शुगर वर, शुगर वर म्हणून वजन खाली. आमच्या शिपायालाही समजलं असतं असं उत्तर, आणि मी पार स्वादुपिंडापर्यंत जाऊन आले होते. पण बाईंनी हात वर केला.

"थांबा. अजून एक आहे. डाव्या मूत्रपिंडावर एक लहान गाठ दिसतेय."



त्यांनी समजावून सांगितलं. गाठ अगदी लहान आहे. तिचा या शुगरशी किंवा वजनाशी संबंध नाही. इतकी लहान गाठ काहीही त्रास देत नाही, म्हणून ती सहसा उशिरा कळते. दिसण्यावरून ती कॅन्सरची असण्याची शक्यता बरीच आहे. पण वेळेवर सापडली आहे. शस्त्रक्रियेने तेवढा भाग काढता येईल, बाकीचं मूत्रपिंड राहील. मात्र आधी शुगर ताब्यात यायला हवी, नाहीतर सर्जन हात लावणार नाहीत. तोवर लग्न करून घ्या, काही आठवड्यांनी बिघडत नाही.

बाहेर आल्यावर वहिनी औषधं घ्यायला गेल्या आणि दादा आणि मी समोरच्या टपरीवर थांबलो. त्याने चहा बिनसाखरेचा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या देखत तरी. चहावाल्याने दोनदा विचारून खात्री केली.

"हे शुगरमुळे झालं का?" दादाने विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. माझ्या विषयाचं सगळं प्रयोजन हा प्रश्न आहे. त्याच्यासाठी आम्ही मशिनं मागवली, अनुदानाचे अर्ज केले, परिषदांना गेलो.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"ज्यांना शुगर आहे अशा खूप लोकांत बघितलं, तर हा आजार थोडा जास्त दिसतो. पण शुगर नसलेल्यांनाही होतो. वजन, बीपी, तंबाखू, वय, सगळं असतं. तुला कशामुळे झाला ते नाही सांगता येत."

"हजार माणसांचं सांगता येतं आणि एकाचं नाही?"

"हो."

"मग एकाचं कोण सांगणार?"

"कुणीच नाही, दादा. सध्या तरी."

त्याने कप टपरीच्या फळीवर ठेवला. "कमाल आहे तुमची," म्हणाला. पण चिडून नाही म्हणाला. उलट त्याच्या आवाजात इतका थकवा होता की मलाच माझ्या विषयाची चीड आली. एवढे रंगीत आलेख, एवढी जाड पुस्तकं, आणि सख्ख्या भावाला टपरीवर उभं राहून द्यायला एक सरळ वाक्य नाही.

मग तो म्हणाला, "गोळ्या सोडल्या नसत्या तर शुगर वाढली नसती. शुगर वाढली नसती तर तू मागे लागली नसतीस. तू मागे लागली नसतीस तर हे सापडलं नसतं. म्हणजे चूर्णाने..."

"दादा, हे वाक्य पूर्ण केलंस तर मी हा चहा तुझ्या अंगावर ओतीन."

त्याने पूर्ण केलं नाही. पण यार्डात जाऊन केलं असणार, कारण आठवड्याभरात हळदवाला सगळीकडे सांगत होता की त्याच्या चूर्णाने दादाच्या पोटातला आजार 'वर आणला'.

लग्न झालं. मी दिलेला शब्द पाळला, आणि तो पाळणं फार जड गेलं. सगळं कार्यालय पुन्हा दादाच्या बारीक होण्याचं कौतुक करत होतं आणि मी शेजारी उभी राहून मान डोलवत होते. त्याला आता इन्सुलिन चालू झालं होतं. त्याचं पेन गार जागी ठेवायचं असं कुणीतरी सांगितलं म्हणून वहिनींनी ते आइस्क्रीमवाल्याच्या बर्फाच्या पेटीत नेऊन ठेवलं. मला कळलं तेव्हा मंगलाष्टकं सुरू होती. मी पैठणीचा काचा मारल्यासारखी पळत स्वयंपाकघरात गेले आणि मँगो आणि केशरपिस्त्याच्या डब्यांखालून ते बाहेर काढलं. गोठलं की ते वाया जातं, हे मी वहिनींना नंतर सांगितलं. "तुम्ही आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, पण दादाने लग्न होईपर्यंत एका शब्दाने बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं ना!" यावर आम्ही दोघी हसलो. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता वहिनी तिथेच, रिकाम्या पातेल्यांच्या मध्ये, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. बाहेर 'सावधान' ऐकू आलं, तेव्हा त्यांनी डोळे पुसले, आणि आम्ही अक्षता टाकायला गेलो.

भाची सासरी गेल्यावर तिला सांगितलं. ती माझ्यावर भडकली. मला का नाही सांगितलं, आत्या, तू तरी सांगायचंस. मी सवयीने ऐकून घेतलं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. गाठ कॅन्सरचीच होती, पण आपल्या जागी होती, पूर्ण निघाली, आणि पुढे किमो वगैरे काही लागलं नाही. ठरावीक काळाने तपासण्या करायच्या, एवढंच. शुद्धीवर येताच दादाने पहिलं काय विचारलं असेल, तर बाजार कसा निघाला. वहिनींनी त्याला सांगितलं, "गप पडा." या दोन शब्दांत जितकं प्रेम होतं तितकं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

मला वाटलं होतं, आता संपलं. पण दादा बरा होऊन यार्डात परतला आणि माझे खरे हाल सुरू झाले. आधी ज्याला शुगर म्हणजे काहीच नव्हती, त्याला आता शुगर म्हणजे थेट कॅन्सर झाली. गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवू लागला. "शुगर आहे? मग कॅन्सर होणारच. माझी बहीण शास्त्रज्ञ आहे, तिचं सगळं आयुष्य यात गेलंय." आणि वर माझा फोन नंबर द्यायचा. कांदाबटाट्याचे व्यापारी, टेम्पोवाले, त्यांच्या बायका, सगळे मला कामाच्या वेळी फोन करू लागले. एक बाई फोनवर रडत होत्या. नवऱ्याला शुगर आहे, म्हणजे किती दिवस उरले, एवढंच सांगा.

मी त्यांना म्हटलं, "असं काही नसतं हो. शुगर असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. गोळ्या घ्या, चाला, तंबाखू असेल तर सोडा, डॉक्टर सांगतील त्या तपासण्या करा."

"पण तुमचे भाऊ म्हणाले, होणारच."

"माझा भाऊ गूळ विकतो."

"हो, पण त्यांना झाला ना," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी दादाला फोन करून जे तोंडाला येईल ते बोलले. तू लोकांना घाबरवतोयस, खोटं सांगतोयस, माझ्या नावावर सांगतोयस. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलून?" म्हणाला. "आमच्या गल्लीतले कितीतरी जण जाऊन रक्त तपासून आले. त्यांतल्या काहींना शुगर निघाली, त्यांना माहीतच नव्हती. हळदवाल्यालाही निघाली."

"त्याला?"

"गोळ्या चालू केल्यात त्याने. चूर्ण विकतो, पण स्वतः गोळ्या घेतो."

मी हसायला नको होतं, पण हसले. तरी त्याला बजावलं, की 'होणारच' हा शब्द पुन्हा तुझ्या तोंडून ऐकला तर बघ. तो बरं म्हणाला. हल्ली तो 'होऊ शकतो' म्हणतो, पण असा आवाज काढून म्हणतो की समोरच्याला 'होणारच' ऐकू येतं.

गेल्या महिन्यात तो लोणीकडे गुऱ्हाळावर माल बघायला आला होता, तेव्हा अचानक माझ्या प्रयोगशाळेत येऊन थडकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारातच थांबून त्याने सगळीकडे पाहिलं.

"हे एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटलं, बाटल्या-बिटल्या असतील."

मी त्याला माझ्या शेजारी बसवलं आणि पडद्यावर एक चित्र उघडून दाखवलं. लाल आणि निळे बारीक चौकोन, आडव्या-उभ्या ओळींत. म्हटलं, या आडव्या ओळी म्हणजे जनुक. लाल म्हणजे जास्त काम करणारा, निळा म्हणजे गप्प. आणि हा एकेक उभा रकाना म्हणजे एकेक माणूस. इकडचे शुगरवाले, तिकडचे कॅन्सरवाले.

त्याने चष्मा लावला आणि खूप वेळ बघितलं. नव्या मालाकडे बघतो तसं, घाई न करता.

"यात मी कुठे आहे?"

"तू नाहीस यात."

"का? मला दोन्ही आहेत."

"असं नाही घेता येत, दादा. समितीची परवानगी लागते, तुझी लेखी संमती लागते, हॉस्पिटलने तुकडा जपून ठेवलेला असावा लागतो. आणि मिळाला तरी नाव काढून टाकून येतो. मला कळणारही नाही कुठला तू."

"माणूस स्वतः येऊन घ्या म्हणतोय, तरी नाही?"

"नाही."

"धन्य आहे," तो म्हणाला. मग चष्मा काढून त्याने विचारलं, "किती वेळ लागेल?"

"कशाला?"

"हे कळायला. एका माणसाचं. कशाने झालं ते."

"माहीत नाही. कदाचित माझ्या हयातीत होणार नाही."

"तुझ्या कशाला, माझ्या हयातीत कर की."

मला राग आला, की हा काय गुळाचा सौदा आहे घासाघीस करायला. मी पडद्याकडे बघत म्हटलं, "तू गोळ्या वेळेवर घेत राहा. म्हणजे मला जरा जास्त मुदत मिळेल."

तो उठला. वाटेतल्या गाडीतळाच्या चौकात गर्दी व्हायच्या आत निघायला हवं म्हणाला. दारापर्यंत गेला, परत आला, आणि शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, "तुमच्याकडे कुणाला शुगर आहे का?"

"माझ्या बाबांना," ती म्हणाली.

"तपासून घ्या," दादा तिला म्हणाला. मग माझ्याकडे पाहून, मोठ्या कष्टाने, एकेक शब्द सुटा करत, त्याने जोडलं, "होतोच असं नाही."